चुंबकाला भोक पाडणारी बाई

१९६२ च्या दसऱ्याला अमरावतीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेहमीसारखी उपकरणांची पूजा झाली. तराजूला हार, दुर्बिणीला हार, गॅल्व्हानोमीटरला कुंकवाचं बोट. सगळ्यांत जाड हार मिळाला तो कोपऱ्यातल्या चुंबकाला. विजेवर चालणारं ते मोठं चुंबक होतं. दोन बाजूंना तांब्याच्या तारेची जाडजूड वेटोळी आणि मधोमध समोरासमोर दोन लोखंडी ठोकळे. त्या दोन ठोकळ्यांमध्ये बोटभर फट. अनुदानातून ते आलं, लाकडी खोक्यातून निघालं, आणि तेव्हापासून पिवळ्या चादरीखाली झाकून होतं. वर्षातून एकदा चादर निघायची, हळदकुंकू लागायचं, नारळ फुटायचा आणि चादर परत चढायची. त्या तारेतून वीज मात्र एकदाही गेली नव्हती.

सगळे प्रसादाला हात पुढे करून उभे असताना मागून एक बाई मोठ्यानं म्हणाली, "पूजा झाली. आता याले करंट कधी देता?"

विभागप्रमुख भगवंतरावांचा खोबऱ्याचा तुकडा हातातच राहिला. बोलणारी बाई होती मनकर्णा खंडारे, जूनमध्ये नव्यानं लागलेली, प्रात्यक्षिकं घेणारी डेमॉन्स्ट्रेटर. प्रमाण मराठी तिला उत्तम यायची, वर्गात ती तीच बोलायची. पण राग आला की तिच्या तोंडून अकोल्याची बोली उतरायची, आणि राग तिला पुष्कळदा यायचा.

मनकर्णाचा बाप डोमाजी अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत तेलवाला होता. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या बेअरिंगांना तेल घालायचं, काळ्या शिशाचं वंगण लावायचं, हे त्याचं काम. छप्पन साली तो बायको इंदूबाईला आणि पोरीला घेऊन नागपूरला गेला, दीक्षा घेतली, आणि परत आल्यावर घरातल्या देव्हाऱ्याची फळी काढून त्यावर मनकर्णाची पुस्तकं मांडली. पोरगी बी.एस्सी. झाली, नागपूरला जाऊन एम.एस्सी. झाली. डोमाजीच्या मते आता सगळं झालं होतं. पोरीनं नोकरी टिकवावी, तोंड जरा आवरावं, एवढंच त्याचं मागणं.

तोंड आवरणं मनकर्णाला जमणारं नव्हतं. रुजू झाल्या दिवशी तिनं स्टाफरूममधल्या माठाजवळ पाहिलं, तर काचेच्या पेल्यांच्या रांगेत एक पेला वेगळा ठेवला होता आणि त्याच्या बुडाला तांबड्या रंगाचा ठिपका होता. कोणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. मनकर्णानं ठिपक्याचा पेला बाजूला सारला, भगवंतरावांचा नेहमीचा पेला उचलला, त्यात पाणी घेतलं, सगळ्यांसमोर सावकाश प्यायली आणि पेला जागच्या जागी उपडा घातला. दुसऱ्या दिवसापासून भगवंतराव घरून थर्मास आणायला लागले. त्या थर्मासकडे पाहिलं की मनकर्णाच्या कानशिलाची शीर उडायची.

तिला ते चुंबक कशासाठी हवं होतं, हे आधी सांगायला हवं. बापाच्या बोटांना चिकटून घरी येणारं काळं शिसं, म्हणजे ग्रॅफाइट, ती लहानपणापासून पाहत आली होती. शाळेच्या पेन्सिलीत असतं तेच. नाव शिशाचं, पण आत शुद्ध कोळसा, कार्बन. नागपूरला शिकताना तिला कळलं की हा कार्बन पत्रावळींच्या गठ्ठ्यासारखा असतो. एकेक पत्रावळ आपल्या जागी घट्ट विणलेली, पण एकीवरून दुसरी सहज घसरते. म्हणून तर त्याचं वंगण होतं. आणि या पापुद्र्यांचा चुंबकाशी उभा दावा असतो. लोखंड चुंबकाकडे धावतं, ग्रॅफाइट चुंबकाला टाळतं. शेताच्या अरुंद गाडीवाटेवरून बैलगाडी आली की माणूस जसा अंग चोरून कडेला उभा राहतो, तसा ग्रॅफाइटचा कण जोरदार चुंबकापुढे वळतो. त्याची रुंद बाजू चुंबकाच्या ओढीला आडवी येत नाही, फक्त कड समोर येते.

मनकर्णाच्या डोक्यात आलं, की ग्रॅफाइटची बारीक पूड पातळ द्रवात कालवली तर काळंकुट्ट पाणी होईल. त्यातून दिव्याचा उजेड जेमतेम जाईल, कारण कण हवे तसे वेडेवाकडे तरंगत असणार. पण ते पाणी चुंबकात धरलं तर सगळे कण एकदम वळतील, आणि मग उजेडाचं काय होईल? वाढेल, कमी होईल? किती? चुंबकाचा जोर वाढवत नेला तर कुठपर्यंत? हे मोजायला फार काही लागत नव्हतं. एक दिवा, काचेची एक डबी, उजेड मोजायची फोटोसेल, आणि ते चुंबक.

दसऱ्यानंतर ती रीतसर परवानगी मागायला भगवंतरावांच्या खोलीत गेली.

"बाई, त्याची किंमत माहीत आहे का तुम्हाला?" भगवंतराव म्हणाले. "वेटोळं जळलं तर?"

"जळलं तर पुन्हा गुंडाळता येतं, सर."

"तुम्ही गुंडाळणार?"

"हो."

भगवंतरावांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या लोकांना सवलतीनं नोकऱ्या मिळतात, चांगलं आहे. मिळालं आहे ते सांभाळा. संशोधन वगैरे पुण्या-मुंबईकडे."

मनकर्णा म्हणाली, "मी विद्यापीठात दुसरी आली हाय, सर. ते सवलतीत नाई भेटत."

ती बाहेर पडली. पण ती दर सोमवारी परत गेली. दर सोमवारी तोच अर्ज, तेच उत्तर. शेवटी मार्चमध्ये भगवंतराव कंटाळले. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेज रिकामं असतं तेव्हा करा म्हणाले, जबाबदारी तुमची. वऱ्हाडातल्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराच्या प्रयोगशाळेत कोणी पाऊल ठेवत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मनकर्णानं पाऊल ठेवलं. खिडक्यांना काळे पडदे लावले. बाहेर कावळेसुद्धा चोच उघडी टाकून सावलीला बसलेले, आणि आत ही बाई ओल्या टॉवेलानं मान पुसत काळं पाणी ढवळायची. डोमाजीनं फॅक्टरीतून आणून दिलेल्या काळ्या शिशाच्या पुडीत लोखंडाचा कीस होता. तो राहिला असता तर चुंबक लोखंडालाच ओढत बसलं असतं. म्हणून तिनं ती पूड आम्लात पुन्हा पुन्हा धुतली, इतकी की बोटांची कातडी सोलून निघाली. शहराची वीज कधी मंद, कधी तेज, त्यामुळे दिवा तिनं मोटारीच्या बॅटरीवर लावला. पाण्यात ग्लिसरीन मिसळलं. काचेची डबी चुंबकाच्या फटीत उभी केली, एका बाजूनं दिवा, दुसऱ्या बाजूला फोटोसेल. चादर काढून घडी करून कोपऱ्यात फेकली आणि स्विच दाबला.

वेटोळी गुणगुणली. काही जळलं नाही.

फोटोसेलला जोडलेल्या गॅल्व्हानोमीटरच्या मापनपट्टीवरचा उजेडाचा ठिपका हळूहळू पुढे सरकायला लागला. काळ्या पाण्यातून उजेड जास्त येत होता! तिनं पुन्हा केलं, पुन्हा तेच. आठवडाभर ती आकडे घेत राहिली. शेवटी न राहवून कॉलेजच्या कामासाठी आलेल्या भगवंतरावांना ती आत घेऊन आली. हा माणूस आपलं कौतुक करणार नाही हे ठाऊक होतं तिला. पण त्याला ते पाहावं लागेल, एवढंच तिला पुरेसं होतं.

भगवंतरावांनी पाहिलं. डबीजवळ वाकले. मग म्हणाले, "गाळ बसतोय, बाई."

"काय?"

"तुमची पूड खाली बसते आहे. बुडाशी बघा. वरचं पाणी निवळलं की उजेड वाढणारच. चुंबक बंद ठेवा, तरी वाढेल."

ते निघून गेले. मनकर्णा दारापर्यंत त्यांच्या पाठमोऱ्या धोतराकडे पाहत राहिली. या माणसानं आयुष्यात एक प्रयोग केला नाही, चुंबकाला हार घालतो, पाण्याला थर्मास आणतो, आणि आपल्याला गाळ शिकवतो! तिनं रागारागानं डबी ढवळली, चुंबक बंद ठेवलं आणि नुसती बसून राहिली.

उजेड वाढला. अगदी तेवढाच.

त्या दिवसाचा राग मनकर्णा पुढे कित्येक वर्षं सांगायची. माणूस वाईट होता आणि त्याचं म्हणणं खरं होतं. दोन्ही एकाच वेळी. वाईट माणसानं खोटं बोलावं, म्हणजे आपल्याला सोपं जातं. तिनं घेतलेले सगळे आकडे फाडून टाकले. खोलीवर जाऊन जेवली नाही. मग कागद घेऊन बसली आणि जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, म्हणजे कण नेमके कसे उभे राहतील याचा हिशेब मांडला. हिशेब पुरा झाला तेव्हा तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. उजेड चुंबकाच्या ओढीला आडवा सोडला, जसा तिनं सोडला होता, तर तो वाढायलाच नको. उलट किंचित कमी व्हायला हवा, कारण त्या बाजूनं पाहिलं तर कित्येक कणांची रुंद बाजूच समोर येते. वाढायला हवा असेल तर उजेड चुंबकाच्या ओढीच्या दिशेनंच गेला पाहिजे, या ठोकळ्यापासून त्या ठोकळ्याकडे. तिकडून पाहिलं तर सगळ्या कणांची फक्त कड दिसेल, आणि खिडकीच्या झडपांच्या पट्ट्या एकदम उघडाव्यात तसा उजेड आरपार जाईल.

दुसऱ्या दिवशी तिनं डबी चांगली ढवळली, ढवळल्याबरोबर स्विच दाबला आणि ठिपक्याकडे पाहिलं. ठिपका किंचित मागे गेला. उजेड कमी झाला होता. स्विच बंद केला, ठिपका परत जागेवर. गाळ उजेड वाढवायला पाऊण तास घेत होता, चुंबक तो क्षणात कमी करत होतं. एवढंसंच, पण खरं.

आता उजेड ठोकळ्यांतून आरपार न्यायचा होता. ठोकळे भरीव. त्यांना मधोमध भोक हवं.

"कॉलेजच्या मालमत्तेला भोक?" भगवंतराव खुर्चीतून उठलेच. "वेड लागलंय तुम्हाला! अजिबात नाही. बंद करा हे सगळं, आणि चादर घाला."

मनकर्णानं ठोकळ्यांचं माप घेतलं, चादर घातली आणि अकोल्याची बस पकडली.

डोमाजीच्या फॅक्टरीत सहदेव नावाचा लेथवाला होता. जिनिंग यंत्रांचे दांडे, पुल्या, बुशिंगा सगळं तोच कातायचा. मनकर्णानं त्याच्यापुढे कागद ठेवला. असेच दोन ठोकळे, मऊ लोखंडाचे, आणि मधून आरपार पेन्सिल जाईल एवढं सरळ भोक. सहदेवनं अडगळीतला एक मोडका दांडा दाखवला, मालकाला विचारून घेतो म्हणाला.

रागावला तो डोमाजी.

"तुले नाई म्हटलं ना साहेबानं?" रात्रीचं जेवण समोर तसंच होतं. "मंग काहून करून राहिली?"

"त्यायचे ठोकळे तसेच राहतीन, बा. मी माये नवे लावीन."

"अन् त्यानं काढून टाकलं तं?"

"टाकू दे."

"टाकू दे म्हन्ते!" डोमाजीचा आवाज चढला. "म्या तीस वर्सं त्या मशिनीखाली मान घालून काढले. मालक शिव्या देते, मुकादम शिव्या देते. एक सबद बोललो नाई. तुयासाठी नाई बोललो! अन् तुले राग धरता येते, कारन म्या गिळला."

मनकर्णानं ताट बाजूला सारलं. ती नुसती म्हणाली, "मले नाई गिळता येत, बा."

इंदूबाई चुलीजवळून म्हणाली, "दोघं बी चिल्लावू नका. शेजारी आयकते." मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "तिले जे करा लागते ते करू द्या. तुमी कोन्ता राग गिळला? घरी येऊन माया भांड्यायवरच काढला ना?"

डोमाजी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. पण दोन दिवसांनी दुपारच्या सुट्टीत सहदेवच्या लेथजवळ तोच उभा होता, कातलेल्या लोखंडावर तेल सोडत.

ठोकळे इतके जड होते की मनकर्णानं ते पोत्यात घालून बसच्या टपावर चढवले. अमरावतीला प्रयोगशाळेचा शिपाई पुंजाराम यानं ते आत न्यायला हात लावला. कॉलेजचे ठोकळे तिनं काढले, तेल लावून फडक्यात गुंडाळले, कपाटात ठेवले. आपले बसवले. दिवा एका भोकाशी, फोटोसेल दुसऱ्या भोकाशी, मध्ये काळं पाणी.

फोटोसेल लावायच्या आधी तिनं स्वतः डोळा लावला. भोकातून पलीकडे काळोख होता, दिवा आहे हेही कळत नव्हतं. तिनं पुंजारामला म्हटलं, "दाबा."

काळोखात एक तांबूस गोल उगवला. आधी धूसर, मग लख्ख. "बंद करा," ती म्हणाली, आणि गोल विझला. "दाबा." उगवला. लाखो पापुद्रे एका हुकमानं कड फिरवत होते.

पुंजारामनं डोळा लावून पाहिलं. "बाई, हे तं पानी नाई, पडदा हाय!"

मनकर्णा स्टुलावर बसली आणि रडली. आनंदानं नव्हे. हे या खोलीत इतकी वर्षं चादरीखाली पडून होतं, आणि कोणी एक बटण दाबलं नाही, याचा तिला संताप आला होता.

जूनपर्यंत तिनं सगळं मोजलं. चुंबकाचा जोर वाढवला की उजेड भराभर वाढायचा, आणि एका जोरानंतर वाढायचाच थांबायचा, कारण वळायचे तेवढे सगळे कण वळून झालेले असायचे. प्रत्येक वेळी आधी ढवळायचं आणि मगच मोजायचं. गाळाला वाव द्यायचा नाही.

कॉलेज उघडलं. भगवंतरावांनी चादर उचलून पाहिली आणि चुंबकाला भोकं दिसली.

चौकशीला कॉलेजच्या नियामक मंडळाचे तीन सदस्य बसले. मनकर्णानं कपाटातून फडक्यात गुंडाळलेले ठोकळे काढून टेबलावर ठेवले. "हे कॉलेजचे. ओरखडासुद्धा नाही. लावलेले माझे आहेत."

"परवानगी कोणाची होती?"

"चुंबक वापरायची होती. ठोकळे बदलायची नव्हती."

"म्हणजे तुम्ही विभागप्रमुखांचा आदेश मोडला."

"मोडला. पण त्यानं काय मिळालं ते पाहा. शेजारच्याच खोलीत आहे. एक मिनिट लागेल."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मधल्यानं घड्याळ पाहिलं. "त्याची आवश्यकता नाही. प्रश्न शिस्तीचा आहे."

"एक मिनिट!" मनकर्णा टेबलावर हात आपटून ओरडली. "तुमी भौतिकशास्त्राच्या कॉलेजात बसले, अन् तुमाले उजेड पाहाची आवश्यकता नाई? मंग कायची हाय? चादरीची?"

हे शेवटचं वाक्य तिच्या विरोधात लिहून घेतलं गेलं. तिची नेमणूक तात्पुरती होती, ती पुढे चालू ठेवली नाही. निघायच्या दिवशी तिनं आपले ठोकळे काढले, कॉलेजचे बसवले, पेचकस पिशवीत टाकला आणि पुंजारामच्या हातगाडीवर ओझं घालून बसस्टँडला गेली. डोमाजीनं तिला काही म्हटलं नाही. म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं.

अकोल्यात मुलींच्या एका शाळेत तिला विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. शाळा सुटल्यावर ती लिहायला बसे. नागपूरच्या तिच्या जुन्या प्राध्यापकांनी लेख वाचला, दोनदा परत पाठवला, आणि पासष्ट साली तो एका छोट्या वैज्ञानिक नियतकालिकात छापून आला. जोरदार चुंबकात तरंगत्या ग्रॅफाइटमधून जाणारा उजेड, लेखिका एकटी मनकर्णा डोमाजी खंडारे. शेवटी आभाराच्या दोन ओळी होत्या. एक सहदेव लेथवाल्याला. दुसरी अशी: "कण खाली बसल्यामुळे होणाऱ्या चुकीकडे श्री. भगवंतराव यांनी लक्ष वेधले."

सहदेवला त्याचं नाव दाखवायला ती फॅक्टरीत गेली, तेव्हा डोमाजीनं खालची ओळ वाचून घेतली आणि त्याला राग आला. "त्या मानसाचं नाव काहून टाकलं?"

"कारन शंका त्याची होती, बा. अन् खरी होती. ते लपवलं तं मी कोनाले चोर म्हनू?"

या ओळीचं काय झालं ते तिला पुढच्या वर्षी कळलं. शाळेतून मॅट्रिक होऊन अमरावतीला त्याच कॉलेजात गेलेली सुभद्रा नावाची तिची विद्यार्थिनी दिवाळीच्या सुट्टीत भेटायला आली. म्हणाली, "बाई, तुमच्या लेखाचं पान सरांच्या खोलीत काचेच्या फ्रेममध्ये लावलंय. सर वर्गात सांगतात, हे संशोधन माझ्या मार्गदर्शनाखाली झालं."

सुट्टी संपायचीच वाट होती. पहिल्या सोमवारी मनकर्णा सकाळच्या बसनं निघाली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, तिला काही दिसलं नाही. कॉलेजात शिरून ती सरळ भगवंतरावांच्या खोलीत गेली, भिंतीवरची फ्रेम खिळ्यावरून काढली आणि ती काखेत मारून ज्या वर्गात ते शिकवत होते त्या वर्गाच्या दारात उभी राहिली.

भगवंतराव म्हातारे दिसत होते. त्यांनी तिला ओळखलं. मग मुलांकडे वळून हसत म्हणाले, "या मनकर्णाबाई. आपल्याच विभागाच्या. माझ्या हाताखाली यांनी..."

"तुमच्या हाताखाली मी काहीच केलं नाही, सर." ती आत आली. प्रमाण भाषा तिनं मुद्दाम घट्ट धरून ठेवली होती. "या पानावर तुमच्याबद्दल एक ओळ आहे. मी वाचते." तिनं फ्रेम उंच धरून ती ओळ वाचली. "एवढं तुमचं. आणि हे खरोखर तुमचं आहे, म्हणून मी ते लिहिलं. आता बाकीचं तुम्ही काय केलं ते मी सांगू, का तुम्ही सांगता?"

भगवंतरावांनी फळ्याकडे तोंड फिरवलं. मग मनकर्णानं सांगितलं. चादर सांगितली, हार सांगितला, चौकशी सांगितली. तांबड्या ठिपक्याचा पेलाही सांगितला, आणि तो सांगताना तिची भाषा सुटली. "मले वाटलं, बेअक्कल हाय मानूस. नाई! अक्कल हाय. गाळ एका नजरेत दिसला याले. म्हनूनच जास्त राग येते. दिसते तुमाले सगळं, अन् तरी चादर घालता!"

पोरं घाबरून बसली होती. भगवंतरावांनी खडू टेबलावर ठेवला. खाली बघत, वर्गाला नव्हे तर तिला, हळू आवाजात म्हणाले, "ते चुंबक माझ्या सहीनं आलं होतं. जळलं असतं तर माझ्यावर आलं असतं. मला भीती वाटायची, बाई. खरं सांगतो."

"मले नाई वाटली?" मनकर्णा म्हणाली. "तुमची तं पर्मनंट नोकरी होती."

त्यांना माफ करण्याचा विचारही तिच्या मनाला शिवला नाही. तिनं फ्रेम टेबलावर उपडी ठेवली आणि जायला निघाली. तेवढ्यात सुभद्रा बाकावरून उठली. "बाई, आम्ही ते एकदाही पाहिलं नाही. आता दाखवता का?"

"माये ठोकळे अकोल्याला हायेत."

"आडवा उजेड कमी होतो, तेवढं तरी."

मनकर्णानं भगवंतरावांकडे पाहिलं. "मी नाई दाखवत. सर दाखवतीन."

भगवंतरावांना नाही म्हणायला जागा उरली नव्हती. ते पुढे, मागे सगळा वर्ग. पुंजारामनं चादर काढली. कोणी दिवा आणला, कोणी डबी, सुभद्रानं पूड कालवली. भगवंतरावांनी बोट स्विचवर ठेवलं.

"आधी ढवळा, सर," ती दारातून म्हणाली. "गाळ बसतो."

त्यांनी ढवळलं, स्विच दाबला. पोरांचा "ओ!" तिला व्हरांड्यात ऐकू आला. ती थांबली नाही. तिला दुपारची बस पकडायची होती.

अडुसष्ट साली नागपूरच्या प्राध्यापकांनी तिला पीएच.डी.साठी बोलावून घेतलं. तोपर्यंत तिनं वाचलं होतं की अमेरिकेत ग्रॅफाइटचा एकसंध स्फटिक अतिशय थंड करून, तिच्या चुंबकाच्या कितीतरी पट जोरात ठेवला आणि तो जोर वाढवत नेला, की त्याच्यावरून परतणारा उजेड लाटेसारखा वरखाली होतो. त्या लाटांवरून पापुद्र्यांच्या आतले इलेक्ट्रॉन कसे फिरतात ते कळतं. मनकर्णाला त्या लाटा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायच्या होत्या. नागपूरचं चुंबक तेवढं जोरदार नव्हतं. थंडावा पुरेसा मिळत नव्हता. पहिल्या हिवाळ्यात तिला आलेखावर लाटांऐवजी सपाट रेघ मिळाली, दुसऱ्यातही सपाटच. ती विद्यापीठाशी भांडली, भांडारपालाशी भांडली, मार्गदर्शक प्राध्यापकांशी तर रोजच भांडली. त्यांनी एकदा वैतागून विचारलं, बाई, तुम्ही इतक्या चिडता कशाला, रेघ सपाट आली तर तोही निष्कर्षच आहे.

"सपाट रेघेवर मी नाही चिडत, सर," मनकर्णा म्हणाली. "ती तर खरं सांगते." आणि मोठ्या चुंबकासाठीचा पुढचा अर्ज लिहायला तिनं कागद ओढला.